घोडा मागं कशाला नेलासा?

सातव्या फेरीची पेअरिंग, म्हणजे कुणाची गाठ कुणाशी ती यादी, लागली तेव्हा मी खाली गाड्यावर चहा घेत होतो. वर जाऊन बघितलं तर मोहरी काळी, समोरच्याचं रेटिंग १७१२ आणि गावाच्या रकान्यात सांगली. माझं रेटिंग १४८६. सांगली वाचलं की कोल्हापूरचा बुद्धिबळवाला खुर्चीत जरा सरळ बसतो. भाऊसाहेब पडसलगीकरांनी तिथं हा खेळ घरोघरी रुजवला. पाच वेळा राष्ट्रीय महिला विजेत्या झालेल्या भाग्यश्री साठे, म्हणजे नंतरच्या ठिपसे, तिथल्याच. आमच्याकडं कुस्ती, त्यांच्याकडं बुद्धिबळ, ही वाटणी मी लहानपणापासून ऐकत आलोय. आता आमच्याकडंही पोरं चांगली तयार झालीत, पण मी त्या पोरांतला नाही. मी ४७ वर्षांचा, शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीत कास्टिंग तपासणारा माणूस. चार दिवसांची रजा टाकून स्पर्धेला बसलो होतो.

स्पर्धा शाहूपुरीतल्या एका मंगल कार्यालयाच्या वरच्या मजल्यावर. आठ फेऱ्या, स्विस लीग (हरलं तरी बाद नाही, साधारण सारख्या गुणांच्या माणसांची गाठ घालतात), दिवसाला दोन डाव. प्रत्येकाला ९० मिनिटं आणि दर चालीला ३० सेकंद जादा. म्हणजे एक डाव साडेतीन-चार तास सहज खातो. दोन फेऱ्यांच्या मध्ये तांबडा-पांढरा रस्सा ओढायचा नाही, हे मी पहिल्याच दिवशी शिकलो. दुसऱ्या फेरीत वजीर कुठं ठेवलाय ते दिसेना. चौथ्या दिवशी, म्हणजे मी सांगतोय त्या दिवशी, खाली साखरपुडा होता. वर दीडशे माणसं श्वास रोखून बसलेली आणि खालून हलगी. पंचांनी दोनदा खाली जाऊन सांगून बघितलं. पाच मिनिटं थांबायची, पुन्हा चालू. सहा फेऱ्यांत माझे तीन गुण होते. माझ्या मानानं बरंच.

समोर आले ते सत्तरीच्या आसपासचे गृहस्थ. पांढरा शर्ट, खिशात दोन पेनं, चष्म्याला दोरी. शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेले, हे नंतर कळलं. बाजूच्या पटावरचा एक पोरगा त्यांना 'सर' म्हणाला, म्हणून मीही सर म्हणायला लागलो. हात मिळवला, त्यांनी घड्याळाकडं बोट केलं, मी दाबलं. ई४. अक्षर म्हणजे पटाची उभी ओळ, आकडा म्हणजे आडवी, आणि नुसतं घर सांगितलं की चाल प्याद्याची.

ई४ ला उत्तर म्हणून मी सी६ केलं. कॅरो-कान.

हा बचाव माझ्या आयुष्यात कसा आला ते सांगायला पाहिजे. मी पूर्वी सगळ्यांसारखं ई४ ला ई५ च खेळायचो. मग एका स्पर्धेत नऊ वर्षांच्या पोरानं फ्राइड लिव्हर नावाचा हल्ला लावून माझ्या एफ७ वर घोडा टाकला, राजा बाहेर ओढला आणि वीस चालींच्या आत मला घरी पाठवलं. वर डाव संपल्यावर "काका, पाचव्या चालीला घोड्यानं नाही मारायचं" असंही सांगितलं. त्याची आई बाहेर डबा घेऊन उभी होती. त्या रात्री मी ठरवलं की आता असं काहीतरी घ्यायचं जिथं समोरच्याला पंधरा-वीस चाली माझ्यापर्यंत पोचताच येणार नाही.

कॅरो-कानची ख्याती तीच. पहिल्या चालीला सी प्यादं एकच घर सरकवायचं, पुढच्या चालीला डी५ करून मध्यावर भिडायचं. ई६ करून डी५ खेळणारा फ्रेंच बचावही चिवटच, पण त्यात पांढऱ्या घरांवरचा उंट स्वतःच्याच प्याद्यांमागं कोंडला जातो. कॅरो-कानमध्ये तो उंट आधी बाहेर काढता येतो, मग ई६ करून दार लावायचं. होरेशिओ कॅरो हा बर्लिनमध्ये राहणारा इंग्रज आणि मार्कस कान हा व्हिएन्नाचा. दोघांनी १८८६ मध्ये याचं विश्लेषण छापलं, त्यावरून हे नाव. फाउंड्रीत डब्याच्या वेळी मी हे सांगितलं तर आमचा मोल्डर म्हणाला, "कुणाचा कान?" तेव्हापासून मी रजेचा अर्ज दिला की "कान धरायला चाललाय" असंच म्हणतात.

चार महिने रोज रात्री तासभर बसलो. कापाब्लांकानं १९२७ च्या न्यूयॉर्क स्पर्धेत निम्झोविचला या बचावात कसं हळूहळू आवळलं ते चाल-चाल करून बघितलं. बोटविनिकनं १९५८ मध्ये स्मिस्लोवकडून जगज्जेतेपद परत घेतलं तेव्हा हेच हत्यार होतं, हे वाचून छाती फुगली. आणि १९९७ मध्ये डीप ब्लू या संगणकाविरुद्धच्या शेवटच्या डावात कास्पारोवनं हाच बचाव घेतला, एच६ ची चुकीची चाल केली, संगणकानं ई६ वर घोडा टाकला आणि १९ चालींत डाव संपला, हेही वाचलं. ते वाचून छाती परत जागेवर आली. एक गंमत मात्र पक्की लक्षात राहिली. एका फांदीत पांढऱ्यानं वजीर ई२ वर ठेवला आणि आपण बेसावधपणे राजाकडचा घोडा एफ६ वर काढला, तर डी६ वर घोडा येऊन सहाव्या चालीला मात होते. ई प्यादं वजिरामुळं अडकलेलं, त्याला तो घोडा मारताच येत नाही. मी हे माझ्या पुतण्यावर करून बघितलं. तो अजून बोलत नाही.

तर सी६. सर डी४, मी डी५. त्यांनी जराही न थांबता ई५ केलं, म्हणजे प्यादं पुढं ढकललं. माझा उंट एफ५ वर. आणि मग चौथ्या चालीला त्यांनी एच प्यादं दोन घरं उचलून एच४ वर ठेवलं.

बघायला ही चाल अडाण्याची वाटते. कडेचं प्यादं, काही कारण नाही. पण १९६१ मध्ये मिखाइल तालनं बोटविनिकविरुद्ध हीच वापरली होती, आणि तिच्यात खड्डा आहे. मी नेहमीच्या सवयीनं ई६ केलं तर जी४, उंट पळतो ई४ ला, एफ३, उंट जी६ ला, आणि एच५. उंट मेला, जायला घर नाही. कॅरो-कान नव्यानं घेतलेली निम्मी माणसं इथंच पडत असतील. मला हा खड्डा पाठ होता. तरी हात ई६ कडं गेलाच, प्याद्याला लागायच्या आधी मागं घेतला. लागला असता तर हलवायलाच लागलं असतं, नियम नियम आहे. मी एच५ केलं. दोन्ही एच प्यादी नाकाला नाक लावून उभी राहिली.

पुढं सगळं सुरळीत. त्यांनी उंट डी३ वर आणला, मी मारला, त्यांनी वजिरानं मारलं. मी ई६. त्यांचा घोडा एफ३. मी वजीर ए५ वर नेऊन शह दिला, त्यांनी उंट डी२ वर घातला, आणि मी वजीर ए६ वर नेऊन त्यांच्या वजिरासमोर उभा केला. ही माझ्या वहीतली लाडकी युक्ती. वजिराला वजीर. पांढऱ्याकडं हल्ला करायला वजीरच उरला नाही तर मला कोण काय करणार? नवव्या चालीला वजीर गेले, ए६ वर माझा घोडा आला. मला इतकं हायसं वाटलं की उठून पाणी पिऊन आलो.

त्या वेळी पट खरंच माझ्या बाजूनं चांगला होता. त्यांची डी४ आणि ई५ ही प्यादी काळ्या घरांवर, आणि उरलेला उंटही काळ्याच घरांचा. म्हणजे स्वतःच्याच भिंतीमागं उभा. माझा दुसरा घोडा ई७ वरून एफ५ वर जाऊन बसला. तिथून त्याला हुसकायचं तर जी प्यादं पुढं टाकायला हवं, आणि माझं एच५ तेच अडवून उभं. त्यांनी कॅसलिंग करून, म्हणजे राजा हत्तीच्या आड कोपऱ्याकडं नेऊन घेतलं, सी३ केलं, जी३ केलं. माझी बारावी चाल. आणि इथं मी १४ मिनिटं बसलो.

कॅरो-कान खेळणाऱ्याला एक चाल कळली नाही तर बाकी काहीच कळलं नाही, ती म्हणजे सी५. पहिल्या चालीला सी प्यादं एकच घर टाकून आपण एक चाल उधार ठेवलेली असते. ती योग्य वेळी फेडायची, डी४ च्या पायावर घाव घालायचा, नाहीतर आपल्या मोहऱ्यांना हलायला जागाच राहत नाही. हे माझ्या वहीत लाल पेनानं लिहिलेलं आहे. पटावरही सगळं सी५ म्हणत होतं. घोडा ए६ वरून आधार देत होता, उंट एफ८ वरून. पण मी काय बघत बसलो? सी५ नंतर उभी ओळ उघडेल, त्यांचा हत्ती तिकडं येईल, माझा राजा अजून मध्येच आहे. माझा धंदाच असा. कास्टिंग हातात आलं की चांगलं काय आहे ते मी बघत नाही. ब्लो होल कुठं, तडा कुठं, वाळू कुठं अडकलीय, एवढंच. बावीस वर्षं हेच केल्यावर दुसरं काही दिसायचं बंद होतं. मी उंट ई७ वर ठेवला. आधी घर नीट लावू, सी५ काय पुढच्या चालीला करू.

सरांनी माझ्याकडं एकदा बघितलं आणि बी४ केलं.

संपलं. सी५ ची वाट बंद. ए६ वरचा घोडा भिंतीत चिणल्यासारखा, त्याला मागं सी७ वर जायला लागलं. त्यांनी ए४, मी ए६, त्यांनी ए५. मी घोडा बी५ वर आणला तर त्यांनी आपला घोडा ए३ वर आणून त्याला भिडवला. मारामारी झाली आणि ए३ वर त्यांचा हत्ती आला. मग त्यांचा उरलेला घोडा एफ३ वरून निघाला. ई१, डी३, सी५. तीन चाली, अगदी निवांत, रंकाळ्यावर फिरायला निघाल्यासारखा. मी राजा सी७ वर आणून बसलो होतो. सी५ वरचा घोडा उंटानं मारला, त्यांनी बी प्याद्यानं मारलं. बी ओळ उघडली आणि माझं बी७ चं प्यादं उघडं पडलं.

माझे आजोबा मला खासबागेत कुस्त्या बघायला न्यायचे. शाहू महाराजांनी १९१२ मध्ये बांधलेलं ते मैदान, मध्ये लाल मातीचा हौद, चारी बाजूंनी चढत गेलेली माणसं. कुस्तीत एखादा पैलवान ताकदीला कमी पडतोय असं वाटलं की तो मातीत पोटावर पडून राहतो. हात आवळून, मान आत घेऊन. वरचा घिस्सा लावतो, सवारी करून बघतो, पण खालचा चीतच होत नाही. तांत्रिकदृष्ट्या त्याचं काही चुकत नसतं. पण लोक ओरडायला लागतात. "ए, जमीन नांगरायला आलाईस व्हय?" आजोबा ओरडायचे नाहीत, पानाची पिंक टाकायचे. डाव बरोबरीत सुटला की गडी कुठल्या तालमीचा ते विचारायचे, आणि परत त्या तालमीचं नाव घ्यायचे नाहीत.

मी नेमका तसा पडून होतो. त्यांनी एक हत्ती बी६ वर आणला, दुसरा त्याच्या मागं बी३ वर. माझा एक हत्ती बी८ वर आणि राजा सी७ वर, दोघं मिळून बी७ धरून बसलेले. दुसऱ्या हत्तीनं मी एच८ वरून डी८, डी७, परत डी८, परत एच८ अशी वरात काढली. या चार चाली मी स्कोअरशीटवर लिहिल्या तेव्हा शेजारच्या पटावरच्या पोरीनं वाकून बघितलं आणि हसली. मला राग आला नाही. मीही हसलो असतो.

पण हत्ती एच८ वर परत आला, त्याचा एक फायदा झाला. आता माझ्या डोक्यात एक किडा होता. जी५. त्यांचं एच४ चं प्यादं जी३ च्या आधारावर उभं, माझा घोडा एफ५ वरून त्याच्यावर डोळा ठेवून. जी५ करून ते फोडता आलं तर एच ओळ उघडेल आणि तिच्या टोकाला माझा हत्ती उभा आहे. त्यांचे दोन्ही हत्ती लांब बी ओळीवर गुंतलेले. अडचण एकच. डी२ वरचा त्यांचा उंट तिरका जी५ वर बघत होता, प्यादं फुकट मारलं असतं. तो उंट मी अर्धा तास मनात शिव्या देत बघत होतो. उगाच जी६ करून ठेवलं.

सरांनी राजा जी२ वर आणला होता. आता त्यांनी उंट उचलला आणि ई१ वर, राजाच्या जवळ नेऊन ठेवला. माझी ११ मिनिटं उरली होती, त्यांची ६. बहुतेक त्यांना वाटलं असावं की राजाजवळ कुणीतरी असलेलं बरं. मी तीनदा तपासलं की उंट खरंच तिथनं हललाय का. मग जी५ केलं. खाली हलगी चालूच होती आणि पहिल्यांदाच मला ती बरी वाटली.

सरांनी चष्मा काढला, पुसला, घातला. एच प्याद्यानं जी५ मारलं. दुसरं करण्यासारखं फारसं नव्हतंच. मी मागं मारलं नाही. एच४! प्यादं एक घर पुढं, सरळ जी३ वर टक्कर. डाव संपल्यावर ज्यांनी ज्यांनी स्कोअरशीट बघितलं त्यांनी या चालीवर बोट ठेवलं, म्हणून सांगतो की ती मी खरोखर बघून केली होती, चुकून नाही. त्यांनी जी प्याद्यानं मारलं असतं तर मी घोड्यानं शह देत मारलं असतं. एका प्याद्यानं मागं राहून झुंजलो असतो, काहीही झालं असतं. पण त्यांनी जी४ केलं. घोड्यावर हल्ला आणि ओळही बंद, एका दगडात दोन पक्षी. घाईत कुणालाही हीच चाल आवडेल.

मी एच३ करून शह दिला. राजानं ते प्यादं मारायचं नाही, मागं माझा हत्ती. राजा एच२ वर गेला.

आता पट असा होता. माझं प्यादं एच३ वर, त्यांच्या राजाच्या नाकासमोर. माझा घोडा एफ५ वर, त्यावर जी४ च्या प्याद्याचा हल्ला. सर मागं रेलले आणि छताकडं बघायला लागले. पंखा बघत होते. मला वाटलं, दमले. वय आहे, चौथा दिवस आहे, सातवा डाव आहे.

माझं घड्याळ चार मिनिटांवर आलेलं. घोड्यावर हल्ला आहे, घोडा वाचवायला पाहिजे. ई७ वर जागा आहे, तिथनं जी६ वर जाता येईल, सगळं जोडलेलं राहील. मी घोडा ई७ वर नेला.

सर छतावरनं खाली आले. एफ३ केलं. मी घोडा जी६ वर. त्यांनी उंट जी३ वर लावून भोक बुजवलं. त्यांच्याकडं एक प्यादं जास्त, पण त्यांचा राजा माझ्या एच३ च्या प्याद्यासमोरून हलू शकत नव्हता, आणि माझा राजा बी७ सोडू शकत नव्हता. पाच-सहा चाली दोघं इकडंतिकडं करत बसलो. ३८ व्या चालीला त्यांनी चाल केली, "ड्रॉ?" म्हणाले आणि घड्याळ दाबलं. मी हात पुढं केला. दोघांनी दोन्ही स्कोअरशीटवर सह्या केल्या, अर्धा-अर्धा लिहिला. १७१२ वाल्याशी, काळ्या मोहऱ्यांनी बरोबरी. मी मनातल्या मनात फाउंड्रीच्या ग्रुपवर टाकायचा मेसेजसुद्धा तयार केला.

जेवणाच्या हॉलमध्ये पत्र्याच्या टेबलांवर पट मांडून डाव झालेली माणसं चर्चा करत बसायची. सरांनी मला हातानं बोलावलं. त्यांना पहिल्या चालीपासून सगळं पाठ. बाराव्या चालीला थांबले, सी प्यादं दोन बोटांत धरून सी५ वर ठेवलं, माझ्याकडं बघितलं. मी मान हलवली. त्यांनी ते परत मागं ठेवलं. "माहीत हुतं तर," एवढंच म्हणाले. मग भराभर पुढं. जी५, एच प्याद्यानं मारलं, एच४, जी४, एच३ शह, राजा एच२. इथं त्यांनी हात आवरला.

"घोडा मागं कशाला नेलासा?"

"सर, हल्ला होता ना."

"हल्ला हुता हे बराबर. पर मागंच का?" आणि त्यांनी माझा घोडा उचलून एफ५ वरनं एच४ वर ठेवला.

मी बघतच राहिलो. एच४. चौथ्या चालीपासून त्यांचं प्यादं तिथं बसलेलं. ते जी५ वर मारायला गेलं, माझं प्यादं त्या घरावरनं पुढं सरकलं, घर रिकामं झालं. राजा तिथं पोचत नाही, उंटाच्या वाटेत त्यांचंच एफ२ चं प्यादं. तिथं घोड्याला कुणी हातही लावू शकत नाही. आणि पुढच्या चालीला घोडा एफ३ वर, राजाला शह आणि ई१ वरच्या उंटावर मारा एकदमच.

"राजा जी३ ला आणला तर?" मी काहीतरी म्हणायचं म्हणून म्हणालो.

"तरी एफ३." त्यांनी घोडा टाकला. "मारा बघू राजानं." मी मारला. त्यांनी एच प्यादं एक घर पुढं केलं. आता वजीर होतोय, त्याला अडवू शकेल असं कुणीच नाही. दोन्ही हत्ती माझं बी७ मारायला गेलेले. राजा जी२ वर आणावा तर प्यादं वजीर होऊन शह देतं, मागं हत्तीचा जोर. ज्या एका प्याद्यासाठी मी दोन तास कुढत होतो, त्या प्याद्यानं त्यांची अख्खी फौज तिकडं अडकवून ठेवली होती.

"जी४ केलं आन् हात उचलायच्या आधी मला दिसलं," सर म्हणाले. "म्हटलं आता पट आवरायचा. मग तुमच्याकडं बघितलंच न्हाई. आपलं तोंड बघून समोरच्याला कळतंय. पंखा बघत बसलो."

"मला वाटलं तुम्ही दमलात."

ते इतके हसले की दोरीला लटकलेला चष्मा पटावर आपटला आणि दोन-चार मोहरी पडली. त्यांनी विचारलं, कॅरो-कान किती दिवस खेळताय. मी म्हणालो, चार महिने. का घेतला, असं विचारलं. मी त्या नऊ वर्षांच्या पोराची गोष्ट सांगितली. त्यावर ते काही बोलले नाहीत. पडलेली मोहरी उचलून पुन्हा सुरुवातीच्या जागी लावली आणि सी६, डी५, उंट एफ५ एवढ्याच चाली माझ्या बाजूनं करून दाखवल्या. "बगा, तिसऱ्याच चालीला तुमचा उंट बाहेर. मी अजून एकबी मोहरा काढला न्हाई, नुसती प्यादी ढकललीत. आता सांगा, बचाव कोण करतंय?" मग म्हणाले, चहा तुमच्याकडनं, जिंकलेला डाव सोडलासा म्हणून.

चहा घेताना मी मोबाइल चालू करून तो पट इंजिनला, म्हणजे बुद्धिबळ खेळणाऱ्या प्रोग्रॅमला दाखवला. त्यानं पापणी लवायच्या आत एच४ दाखवलं. मग ई७ टाकून बघितलं, तर काटा सरळ पांढऱ्याकडं कलला. म्हणजे बरोबरीसुद्धा सरांनी दिली म्हणून. त्यांना हे सांगितलं नाही. त्यांना माहीत असणारच.

आठव्या फेरीची पेअरिंग दुपारी तीनला लागली. मला पुन्हा काळी मोहरी. समोर इचलकरंजीची एक अकरावीतली मुलगी, साडेतीन गुण, रेटिंग माझ्याइतकंच. खालचा साखरपुडा आटोपला होता, जिन्यात सगळीकडं फुलांच्या पाकळ्या. मी वही काढून सी५ वर परत एक लाल रेघ मारली, एच४ ची पूर्ण फांदी डोळ्यांखालून घातली, एच४ च्या घरापुढं एक घोडा काढला, तो गाढवासारखा दिसायला लागला म्हणून खोडला. पंचांनी घड्याळं सुरू करा म्हणून सांगितलं. मी दाबलं.

तिनं डी४ केलं.